देणगीची पावती कोणाच्या नावाने?

डिसेंबर 2022 मध्ये राज्यात साडेसात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. त्यातल्या एका गावची ही हकिगत. गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. रकमा आणि काही खुणाही बदलल्या आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने माझं या गावात जाणं-येणं होतं. एका प्रसंगाला मी स्वतः हजर होतो, बाकीचं दोन्ही बाजूंच्या माणसांकडून ऐकलेलं आहे.

गाव आणि जुनं वैर

गाव गोदावरीच्या खोऱ्यातलं, कालव्याखालचं. ऊस थोडा, कांदा जास्त. पंचायत अकरा सदस्यांची आणि सरपंच थेट लोकांनी निवडायचा. ही थेट निवड 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. त्यामुळे गावाला तिचा अनुभव एकदाच होता आणि तो वाईट होता. 2017 च्या निकालाच्या रात्री गुलालावरून मारामारी झाली, दोन गुन्हे दाखल झाले. सख्ख्या चुलत्यांची दोन घरं पाच वर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी आहे. तिच्याखालूनच माणसं तारखेला कोर्टात जात.

पुढचं सगळं या वैराच्या पार्श्वभूमीवर वाचावं लागतं. ‘या वेळी भांडण नको’ असं म्हणणारी माणसं ढोंगी नव्हती. त्यांनी खरंच सोसलं होतं.

दुसरी गोष्ट मंदिराची. भैरवनाथाच्या सभामंडपाचं काम तीन वर्षं अडलेलं. खांब उभे, वर गजांची टोकं निघालेली, स्लॅब नाही.

तिसरी आरक्षणाची. सरपंचपद ओबीसी महिलेसाठी राखीव निघालं होतं. जात पडताळणीची कागदपत्रं हाताशी असणाऱ्या बायका गावात मोजक्या, म्हणजे इच्छुक घरंही मोजकीच.

रविवारची बैठक

अर्ज भरायला सुरुवात होण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी रात्री आठला, मंदिरात बैठक बोलावली गेली. भोंग्यावर पुकारलं, ‘देवाच्या कामाची बैठक आहे, सर्वांनी यावं’. दीड-दोनशे पुरुष जमले. पद बाईचं होतं, पण बैठकीत बाई एकही नव्हती.

‘लिलाव’ हा शब्द कोणीच उच्चारला नाही. शेवटपर्यंत ‘देणगी’च म्हटलं गेलं. ठरलं ते असं: देवाला जो जास्त देईल त्याच्या घरची सरपंच, बाकीच्यांनी अर्ज भरायचे नाहीत. पाच लाखांपासून सुरुवात झाली. दोन घरांत चढाओढ लागली आणि 21 लाख 51 हजारांवर थांबली. सदस्यांच्या जागा भावकीप्रमाणे वाटल्या, जागेमागे 51 हजार. घंटा वाजली, पेढे आले.

मध्येच एका निवृत्त शिक्षकांनी, त्यांना आपण गुरुजी म्हणू, हात वर करून विचारलं, “देणगीची पावती कोणाच्या नावाने फाडायची?” हशा पिकला. बोली जिंकणाऱ्या घरचे वडीलधारे, गाव त्यांना बापू म्हणतं, शांतपणे म्हणाले, “गुरुजी, पाच वर्षांनी गाव एका ओळीत बसलंय. विघ्न आणू नका.” गुरुजी खाली बसले.

मला विचाराल तर या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. प्रश्न सभ्य होता, नेमका होता आणि त्याला उत्तर नव्हतं. मग तो प्रश्नच असभ्य ठरवला गेला. गुरुजी नंतर म्हणाले, “मी उभाच राहायला हवं होतं. उत्तर मिळेपर्यंत नुसतं उभं राहायचं, काही न बोलता.”

आता थोडा हिशेब. एवढ्या लोकसंख्येच्या गावात सरपंचाचं मानधन तेव्हा महिन्याला 4,000 रुपये होतं. पाच वर्षांचे होतात 2 लाख 40 हजार. अकरा सदस्यांच्या पंचायतीत थेट सरपंचाच्या उमेदवाराला निवडणूक खर्चाची मर्यादा तेव्हा 1 लाख होती. मग साडेएकवीस लाख कोण आणि कशासाठी देतो? केवळ मानासाठी देणारेही असतात, हे मी नाकारत नाही. पण वित्त आयोगाचा निधी थेट पंचायतीच्या खात्यावर येतो, गावातल्या कामांची बिलं सरपंच आणि ग्रामसेवकाच्या सहीने निघतात आणि मुरमाच्या गाड्या कोणाच्या हे सगळ्या गावाला माहीत असतं.

ग्रुपवरचे दोन दिवस

बैठकीचा सहा मिनिटांचा व्हिडिओ एका तरुणाने काढला होता. चाकणला कंपनीत कामाला असलेला, सुट्टीसाठी आलेला मुलगा. रात्री अकराला त्याने तो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘गाव विकणारे दलाल ओळखून ठेवा.’ त्याखाली तीन घरांची आडनावं.

सकाळपर्यंत तीनशेच्या वर मेसेज पडले. पहिले वीस-पंचवीस बोलीबद्दल होते. मग आडनावांवरून जात निघाली, जातीवरून 2017 निघालं, तिथून कोणाच्या आईचं काहीतरी निघालं. दुपारपर्यंत 21 लाख हा आकडा ग्रुपवर कुठेच नव्हता. एकच प्रश्न उरला होता: व्हिडिओ कोणी आणि का काढला? संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांचं दूध संकलन केंद्राने ‘फॅट लागत नाही’ म्हणून परत केलं. केंद्र बोली जिंकणाऱ्यांच्या भावाचं. म्हैस तीच, चारा तोच, फॅट मात्र एका दिवसात गेलं.

मुलाचा राग खोटा नव्हता, पण ‘दलाल’ या एका शब्दाने त्याने समोरच्यांना सुटकेची वाट दिली. त्यांना बोलीचं समर्थन करावंच लागलं नाही, अपमानाची तक्रार केली की भागलं. हे खरं असलं तरी सभ्यतेची अपेक्षा फक्त आक्षेप घेणाऱ्यांकडून होती, हेही तितकंच खरं. मेसेजमध्ये शिवी होती म्हणून गाव चिडलं. दूध परत करण्यात शिवी नव्हती म्हणून कोणी चकार शब्द काढला नाही.

ग्रुपचा अॅडमिन कृषी सेवा केंद्र चालवतो. दोन्ही बाजूंची उधारी त्याच्या वहीत आहे. त्याच्यापुढे तीन रस्ते होते: व्हिडिओ काढून टाकणे, शिवीगाळ करणाऱ्यांना बाहेर काढणे किंवा ‘फक्त अॅडमिनच लिहू शकतील’ असं करणे. त्याने तिसरा निवडला आणि आपण तटस्थ राहिलो असं त्याला वाटलं. मला तसं वाटत नाही. मंदिराचा भोंगा एका बाजूकडे होता, ग्रुप कोणाकडेच उरला नाही.

ओट्यावर मांडलेले पर्याय

मंगळवारी रात्री गुरुजींच्या ओट्यावर सहा जण बसले. त्यांनी चार पर्याय मांडले.

गप्प बसणे हा पहिला, आणि तो कोणी हसण्यावारी नेला नाही. सहापैकी दोघांची मुलं बापूंच्या ओळखीने साखर कारखान्यात लागली होती.

दुसरा तक्रारीचा. उदाहरण ताजं होतं. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींची निवडणूक पदांच्या लिलावावरून रद्द केली होती, तीही मतदान तोंडावर असताना. उमराण्यातही रक्कम मंदिराच्या नावावरच बोलली गेल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे देवाचं नाव घेतलं की कायदा बाजूला होतो, असं नाही. कायद्यातही जागा होती. भारतीय दंड संहितेत तेव्हा ‘मतदानविषयक हक्का’ची जी व्याख्या होती, तिच्यात मत देण्याबरोबरच उमेदवार म्हणून उभं राहणं, न राहणं आणि माघार घेणं हेही येतं. त्या हक्काच्या वापरासाठी लाभ देणं किंवा घेणं म्हणजे लाच, कलम 171ब. आता भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 170 मध्ये आहे. अडचण एवढीच की गुन्हा अदखलपात्र, पोलीस परस्पर तपास सुरू करू शकत नाहीत. शिवाय पुरावा म्हणून व्हिडिओ लावला की मुलगा उघडा पडणार. आणि निवडणूक रद्द झालीच, तर खापर तक्रारदारांवर फुटणार.

तिसरा पर्याय उमेदवार उभा करण्याचा. ‘आपण नोटा दाबू’, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’चं बटण, असं एक जण म्हणाला, पण त्यात अर्थ नव्हता. रिंगणात एकच अर्ज उरला तर मतदानच होत नाही, नोटाचं बटण येणार कुठून?

चौथा तडजोडीचा: बोली मोडा, पैसे परत घ्या, पण चर्चेने बिनविरोधच करा. हा गुरुजींना मनापासून आवडत होता. बाकीच्यांनी विचारलं, चर्चा कोणाशी आणि कशाच्या जोरावर? समोर दुसरा अर्ज असल्याशिवाय बापू बसणारच नाहीत.

म्हणून दुसरा आणि तिसरा पर्याय एकत्र करायचं ठरलं.

तक्रार आणि अर्ज

तक्रार गुरुजींनी एकट्याच्या सहीने केली, एका पानाची. ‘भ्रष्टाचार’, ‘लोकशाहीचा खून’ असलं काही नाही. तारीख, वेळ, ठिकाण, बोललेले आकडे आणि शेवटी मागणी: मंदिराच्या बँक खात्याची आणि देणगी वहीची तपासणी व्हावी. व्हिडिओ जोडला नाही. तहसील कार्यालयात आवक शिक्का मारून पोच घेतली.

दोन दिवसांनी मंडळ अधिकारी आणि तलाठी गावात आले. पंचनाम्यात पंचवीस जणांनी एकाच चालीवर सांगितलं, ‘मंदिराची देणगी ठरवायला बसलो होतो.’ अहवाल गेला, तक्रारीत तथ्य आढळत नाही. ओट्यावरच्या मंडळींना हे लागलं. पण तक्रारीचा एक परिणाम कागदावर दिसला नाही: ठरलेल्या रकमेपैकी पहिले पाच लाख मंदिराकडे आले होते, पुढचे हप्ते थांबले.

उमेदवार मिळाली ती बचत गटाचं काम बघणारी एक बाई, आपण त्यांना ताई म्हणू. 2017 मध्ये त्या सदस्यपदाला उभ्या राहून पडल्या होत्या, त्यामुळे पडताळणीचं प्रमाणपत्र तयार होतं. नवऱ्याचा होकार दोन दिवसांनी आला, दिरांचा आलाच नाही. ऑनलाइन अर्जाची साइट इतकी रखडत होती की शेवटच्या दिवशी आयोगाने कागदी अर्जाची मुभा दिली. ताईंचा अर्ज त्या मुभेत भरला गेला.

मग माघारीच्या मुदतीपर्यंतचे पाच दिवस. रोज कोणीतरी घरी येई. एक ज्येष्ठ म्हणाले, “वहिनी, गावाने शब्द दिलाय, त्याला मान द्या.” ताई म्हणाल्या, “भाऊजी, माझ्याकडे शब्द मागायला कोण आलं होतं?” आणि चहा ठेवायला आत गेल्या. माघारीचा दिवस गेला, अर्ज राहिला.

पारावरची दुपार

आता निवडणूक होणार हे पक्कं झालं आणि 2017 ची भीती परत आली. या टप्प्यावर गुरुजी बापूंकडे गेले, एकटेच. दोघं एकाच वर्गात शिकलेले. तासभर कांद्याच्या भावावर बोलून झाल्यावर मुद्दा निघाला. तीन गोष्टी ठरल्या. प्रचारात कोणाच्या घरातल्या बाईचं आणि जातीचं नाव काढायचं नाही. व्हिडिओ कोणी काढला हा विषय बंद. आणि दोन्ही उमेदवारांनी एकदा एकत्र लोकांसमोर बसायचं. दुधाचा विषय गुरुजींनी काढला. बापू म्हणाले, “ते केंद्र माझं नाही.” तो मुद्दा तिथेच राहिला.

सभेची वेळ ठरवताना ताईंनी अडून बसून दुपारचे तीन मागितले. रात्री आठला बायका भाकरीला लागलेल्या असतात, पाचला धारा. तीन ते साडेचार एवढीच गावातल्या बाईची मोकळी वेळ. सभेतली ही सगळ्यात महत्त्वाची तरतूद होती आणि आम्हा पुरुषांपैकी कोणालाच ती सुचली नव्हती.

रीतसर परवानगी काढून पारावर सभा झाली. त्या दिवशी मी तिथे होतो. प्रश्न चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचे, नाव लिहायचं नाही. वाचणार हरिपाठ मंडळाचे महाराज, ज्यांना दोन्ही घरचे नमस्कार करतात. ज्या चिठ्ठीत घराण्याचं नाव असेल ती महाराज दुमडून बाजूला ठेवत. अशा सात निघाल्या. वाचल्या गेलेल्या चिठ्ठ्या पस्तीसेक: पाणी रात्रीचं का सुटतं, स्मशानभूमीच्या रस्त्याचं काय, घरकुलाच्या यादीत अमुक निकष का लावला.

मग महाराजांनी एक वाचली: “21 लाख कोणाकडून वसूल करणार?”

कोणी हूं की चूं केलं नाही. बोली जिंकलेल्या उमेदवाराचे पती उठले, ‘देवाचं आहे, वसुलीचा प्रश्न…’ असं म्हणू लागले. बायकांच्या बाजूने आवाज आला, “त्यांनाच बोलू द्या.” त्या उठल्या. पदर सावरून, खाली बघत म्हणाल्या, “त्या रात्री मला कोणी विचारलं नव्हतं. सकाळी कळलं मी सरपंच होणार म्हणून. आता उभी आहे तर काम करीन. पैशाचं मला माहीत नाही.”

टाळ्या पडल्या, आणि विशेष म्हणजे ताईंच्या बाजूनेही पडल्या. गेले पंधरा दिवस ज्या बाईला सगळे ‘एकवीस लाखवाली’ म्हणत होते, ती पहिल्यांदाच माणूस म्हणून समोर आली होती. मी तिथे उभा राहून काहीशा खुळ्या आनंदात होतो. गुरुजींनी कानात सांगितलं, “आता ती निवडून येणार.”

निकाल

तसंच झालं. त्या दोनशेहून कमी मतांनी निवडून आल्या. सदस्यांत ताईंच्या बाजूचे अकरापैकी चार आले. निकालाच्या रात्री गुलाल उधळला, पण मिरवणूक ताईंच्या गल्लीतून गेली नाही. मारामारी झाली नाही.

निकालाविरुद्ध दिवाणी न्यायाधीशाकडे जायला पंधरा दिवसांची मुदत असते. गुरुजींनी वकिलाला विचारलं, खर्च ऐकला आणि सोडून दिलं.

मुलाच्या वडिलांचं दूध आजही तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या केंद्रावर जातं.

मंदिराचं मात्र भलतंच झालं. निवडणुकीनंतर विश्वस्तांनी उरलेले साडेसोळा लाख मागितले. उत्तर आलं, “बिनविरोध कुठे झाली? मग देणगी कशाची?” पंचनाम्यात पंचवीस जणांनी जे सांगितलं होतं, त्याला देणाऱ्यानेच एका वाक्यात खोटं पाडलं. शिवाय दिलेले पाच लाखही परत मागितले. तोवर त्या पैशांचं स्टील येऊन पडलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

व्हिडिओ आधी ग्रुपवर गेला आणि तक्रार नंतर झाली. क्रम उलटा हवा होता. सोमवारी सकाळी तोच व्हिडिओ, एकही शब्द न जोडता, तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि राज्य निवडणूक आयोग अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी गेला असता, तर पंचवीस जणांना जबाब जुळवायला दोन दिवस मिळाले नसते. गुरुजींनी मुलाला जपण्यासाठी व्हिडिओ वगळला. मुलाचं नाव मात्र तोवर सगळ्या गावाला माहीत झालं होतं. म्हणजे झळ बसलीच आणि पुरावाही गेला. यावर गुरुजींशी माझा वाद आहे. ते म्हणतात, तालुक्याच्या कागदावर नाव येणं आणि गावात कळणं यात फरक आहे. असेलही.

अॅडमिनने ग्रुप बंद करण्याऐवजी आडनावांचे मेसेज काढून बोलीवरचे ठेवायला हवे होते. महाराजांनी डब्यातल्या चिठ्ठ्यांचं नेमकं तेच केलं.

सभामंडपाचा प्रश्न निवडणुकीपर्यंत लोंबकळत ठेवला, ही सगळ्यांचीच चूक. 15 ऑगस्टला किंवा 2 ऑक्टोबरला ग्रामसभेनंतर माणसं बसलेली असतातच. तिथे घरटी वर्गणी ठरली असती तर नोव्हेंबरात देवाला मध्ये घालायला कारण उरलं नसतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे. या गावात ती रजिस्टरवरच होत असे, सह्या घरोघर फिरवून.

एक चूक माझ्या नावावर आहे. मी वर्षानुवर्षं प्रशिक्षणात ‘बिनविरोध गाव, आदर्श गाव’ असं सांगत आलो. एकटा मीच नव्हे. डिसेंबर 2020 मध्ये पारनेरचे तेव्हाचे आमदार निलेश लंके यांनी बिनविरोध निवडणूक करणाऱ्या गावांना 25 लाखांचा निधी जाहीर केला होता, इतरांनीही तशा घोषणा केल्या. हेतू भांडणं टाळण्याचा असेल. पण बिनविरोधाला बक्षीस लावलं की त्याला किंमत लागते आणि किंमत लागलेल्या गोष्टीची बोली कोणीतरी लावतोच. रविवारच्या बैठकीत बापूंनी जे वाक्य वापरलं, ‘गाव एका ओळीत बसलंय’, ते माझ्या एका सत्रातलं आहे. त्यांनी ते मला हसत हसत सांगितलं.

मागे गेलो तेव्हा विश्वस्तांनी देणगीची वही दाखवली. पाच लाखांच्या नोंदीपुढे आधी ‘एका भक्ताकडून’ असं लिहिलं होतं, त्यावर काट मारून ‘वादग्रस्त’ लिहिलंय. पावती अजून फाडलेली नाही. स्टील मंडपाच्या कडेला ताडपत्रीखाली पडून आहे, गंजलंय.